रोजची वीस मिनिटं: तिसरी-चौथीच्या नव्या शिक्षकांसाठी

द्विशिक्षकी शाळेवर नव्याने रुजू झालं की बहुधा दोन इयत्तांचा जोडवर्ग वाट्याला येतो. तिसरी-चौथी आली असं धरू. सोबत शापोआची (शालेय पोषण आहाराची) नोंदवही, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, आधारशी न जुळणारी दोन-चार नावं आणि रोज काहीतरी ‘तातडीने’ मागणारा केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. या धबडग्यात सर्जनशीलता आठवते ती शुक्रवारी संध्याकाळी, कारण दुसऱ्या दिवशी आनंददायी शनिवार असतो. शनिवारी कृती आणि खेळांतून शिकण्याचा हा सरकारी उपक्रम २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी आला. कल्पना चांगली आहे; पण पाच दिवस गप्प बसवलेली मुलं सहाव्या दिवशी फर्माइशीवर खुलत नाहीत. म्हणून इथे सोमवार ते शुक्रवारबद्दल जास्त लिहिलं आहे, आणि तेही मुख्यतः एकाच कामाबद्दल: मुलांनी आपलं बोलणं आपल्या हाताने लिहिणं.

आधी वेळ पक्की करा. परिपाठ संपल्यावर लगेचची वीस मिनिटं सर्वांत बरी. खिचडीनंतर मुलं पेंगतात, आणि शेवटचा तास तर बहुतेक दिवशी कुठल्यातरी माहितीच्या घाईत जातो. वेळापत्रकात या वीस मिनिटांना ‘भाषा’ असंच नाव द्या, वेगळं भारदस्त नाव नको. नाव दिलं की त्याचा अहवाल मागितला जातो.

पहिले पंधरा दिवस लिहायला लावू नका. रोज चार मुलांनी उभं न राहता, जागेवर बसून, काल दुपारनंतर काय झालं ते सांगायचं; प्रत्येकी दोन मिनिटं. ‘काहीतरी छान सांग’ म्हटलं की मूल परिपाठातली बोधकथा सांगतं. त्यापेक्षा प्रश्न अरुंद ठेवा: शाळेतून घरी जाताना वाटेत कोण भेटलं? काल घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं? तुमच्या दाराचा आवाज कसा येतो? सांगितलेल्यातलं एक वाक्य तुम्ही फळ्यावर लिहा, मूल बोललं तसंच. मालवणीत ‘माका’ म्हणालं तर ‘माका’, वऱ्हाडीत ‘मले’ म्हणालं तर ‘मले’. खाली त्याचं नाव घाला. हे वाक्य दिवसभर पुसायचं नाही. गणितासाठी फळ्याचा उरलेला भाग वापरा. घरची बोली फळ्यावर दिसली की पुढचं निम्मं काम आपोआप होतं. प्रमाणभाषा शिकवायचीच आहे, पण ती दुसरी पायरी आहे.

तिसऱ्या आठवड्यात कागद द्या. वही नको. वहीत चूक झाली की पान खराब होतं आणि मुलांना त्याची भीती असते. पाठकोरे कागद घ्या: जुनी परिपत्रकं, जुन्या चाचण्यांच्या उरलेल्या प्रती. ए-फोर आकाराचा कागद मधोमध फाडला की दोघांना पुरतो. चोवीस मुलांना रोज बारा कागद, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात विचारलं तर गठ्ठाच मिळतो. मात्र ज्यांच्यावर नावं, आधार क्रमांक किंवा गुण छापलेले आहेत ते आधीच वेगळे काढा.

कागदाच्या वर तारीख, मग तीन ओळी. जास्त लिहायची बंदी नाही, पण मागायच्या तीनच. ज्याला लिहिता येत नाही त्याने आधी चित्र काढायचं, त्यातलं सांगायचं, तुम्ही किंवा शेजारच्याने एक ओळ लिहायची आणि त्याने ती खाली उतरवायची. चौथीतही अशी तीन-चार मुलं असतात. त्यांना ‘मागे पडलेली’ म्हणून वेगळ्या रांगेत बसवलं की ती चित्रही काढत नाहीत.

आता खरी अडचण. पहिल्या आठवड्यात कागदावर हे येईल: ‘म्हैस हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात. ती आपल्याला दूध देते.’ याला मुलं जबाबदार नाहीत, लिहायचं म्हणजे असंच लिहायचं हे त्यांनी शाळेतच शिकलेलं असतं. इथे ‘स्वतःच्या मनाने लिही’ असं सांगून उपयोग नाही. म्हैस कोणाची ते विचारा. ‘आमची’ म्हणाला की, काल काय केलं तिने? ‘येली’, म्हणजे व्याली. रात्री की दिवसा? कोण जागं होतं? उजेड कशाचा होता? रेडकू लगेच उभं राहिलं का? दोन मिनिटांत मूल सांगतं, आणि मग ‘आत्ता बोललास तेच लिही’ एवढंच म्हणायचं. कागद परत येतो तेव्हा त्यावर असतं: ‘आमची म्हैस रात्री येली. बाबा बॅटरी धरून बसले. रेडकु तीनदा पडल. सकाळी खरवस केला पण मला आवडत नाही.’ शेवटचं वाक्य पाहा. म्हशीच्या निबंधात खरवस न आवडणारं मूल कधीच सापडत नाही.

या कागदावर लाल पेन चालवलं की काम संपलं. ‘येली’ला गोल, ‘रेडकु’ला गोल, ‘पडल’वर अनुस्वार, खाली ‘शुद्धलेखन सुधार’. दुसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा पाळीव प्राण्यावर येतं, कारण त्यातले शब्द पाठ असतात आणि चुकत नाहीत. मग शुद्धलेखन सोडून द्यायचं का? नाही. एका कागदावर एकच गोष्ट, पेन्सिलीने, समासात. वरच्या कागदात ती ‘पडलं’वरचा अनुस्वार. ‘येली’ला हात लावायचा नाही, तो घरचा शब्द आहे. आठवडाभरात चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतात: अनुस्वार, रफार, जोडाक्षरं, शेवटच्या अक्षराची वेलांटी. शुक्रवारी दहा मिनिटं त्या फळ्यावर घ्या, कोणाचंही नाव न घेता, आणि प्रत्येकाने आपला चुकलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा. रोज चोवीस कागद वाचणं जमत नाही. सहा नीट वाचा, बाकीच्यांवर नुसती सही करा. चार दिवसांत सगळे होतात. सगळे रोज वाचायचा हट्ट धरणारे शिक्षक साधारण जुलैअखेर उपक्रमच बंद करतात.

भिंत. कागद टांगायची सुतळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवर. बहुतेक शाळांत ती पाहुण्यांच्या उंचीवर असते. कपड्यांचे चिमटे वापरा; चिकटवलेला कागद काढताना फाटतो आणि मूल रडतं. चिकटवायचंच असेल तर मैद्याची खळ करा, एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी. पूर्वी कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे, वर्गात आणू नका. कोकणात पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, तिथे चिमटेच बरे. काय लावायचं ते मूल ठरवतं, आणि पंधरा दिवसांत प्रत्येकाचं एकदा लागलंच पाहिजे. सुंदर हस्ताक्षराची तीच पाच नावं सतत दिसू लागली की बाकीची मुलं त्या भिंतीकडे बघणं सोडतात. यासाठी हजेरीपत्रकाच्या क्रमाने जाणं हाच सोपा उपाय.

नक्कल होणारच. जत्रा झाली की नऊ कागदांवर पाळणा असतो. चालू द्या, फक्त प्रत्येकाला विचारा: बाकीच्यांनी न पाहिलेलं तू काय पाहिलंस?

शनिवारबद्दल थोडं. सगळ्यात जास्त फसणारा प्रकार म्हणजे चोवीस मुलांनी तुमच्या सूचनेप्रमाणे कागदाचा एकसारखा बेडूक करणं. फोटो छान येतो, पण त्यात मुलांचं काही नसतं. त्याऐवजी मधोमध ढीग ठेवा: चिंचोके, करवंट्या, बिया, सुतळी, ओली माती, खोक्यांचे तुकडे. चार-चारचे गट करा, चाळीस मिनिटं द्या आणि एकच अट घाला: जे कराल ते हललं पाहिजे, किंवा वाजलं पाहिजे. पहिली दहा मिनिटं भांडणं आणि गोंधळ होतो. त्यात पडू नका. बहुतेक शिक्षक नेमके इथेच सूचना द्यायला लागतात. ही रीत नवी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आसपासच्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंचीच शैक्षणिक साधनं केली. गुरं राखायला जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा.

पालक विचारतील, ‘वहीत काहीच नाही, अभ्यास कधी होतो?’ प्रश्न रास्त आहे. जूनचा आणि सप्टेंबरचा कागद शेजारी ठेवून दाखवा. तारीख त्यासाठीच घालायची असते. केंद्रप्रमुखांसाठीही याच कागदांची फाइल चालते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ६० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) ४० टक्के आहे. तोंडी काम, उपक्रम, दैनंदिन निरीक्षण ही आकारिकचीच साधनं आहेत. वर्णनात्मक नोंदीत ‘लेखनात रस घेतो’ असं छापील वाक्य घालू नका. ‘प्रश्न विचारल्यावर चार वाक्यं स्वतः लिहितो, अनुस्वार सुटतात’ असं लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीतरी हाती लागेल.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाने आपल्या ढिगातला एक कागद निवडून कोऱ्या पानावर उतरवायचा. पानं एकावर एक ठेवा, डाव्या कडेपासून बोटभर आत दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा; स्टेपलरच्या पिना दमट हवेत गंजतात. दाभण तुमच्याच हातात राहू द्या. ज्याने काहीच निवडलं नाही त्याचंही पान घाला, वर नाव लिहून, कोरं. अंक वर्गातच ठेवा आणि त्या पानाजवळ एक पेन्सिल दोऱ्याला बांधून ठेवा.