स्क्रॅचिंगसाठी मिक्सर घेताना: माझं घोडं जिथे अडलं

टर्नटेबलवर फिरणारी रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढायचा, म्हणजे स्क्रॅचिंग. त्यातला क्रॅब स्क्रॅच शिकायला बसलो तेव्हा चार बोटांचे चार ठोके मला हाताला नीट जाणवायचे, पण स्पीकरमधून कधी दोन ऐकू यायचे, कधी एकच. आठ महिने हे असंच चाललं. रोज तासभर रियाज करायचो, तरी हात बसेना. शेवटी शेवटी हे आपल्या हातात नाहीच, असं मी धरून चाललो होतो. दोष मिक्सरचा निघाला. नव्याने टर्नटेबलकडे वळणाऱ्या कुणाचेही महिने असे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

माझा मिक्सर चार चॅनेलचा, म्हणजे चार ठिकाणचे आवाज एकत्र घेणारा, आणि भरपूर इफेक्टचा होता. एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद जायचं असेल तर तो उत्तमच. क्रॉसफेडर म्हणजे एका बाजूचा आवाज बंद करून दुसरीचा उघडणारी आडवी सरकपट्टी; पुढे फेडर म्हणेन तो हाच. त्याच्या कर्व्हसाठी वेगळा नॉब होता, तो मी एकदम शार्पवर नेला आणि समजलो की स्क्रॅचिंगची सोय झाली. इथेच फसलो.

कर्व्ह म्हणजे आवाज उघडल्यानंतर तो किती झपाट्याने पूर्ण चढतो. कट-इन म्हणजे फेडर टोकापासून किती सरकल्यावर आवाज मुळात उघडतो, ते अंतर. कुणी याला कट लॅगही म्हणतं. कर्व्ह कितीही शार्प केला तरी कट-इन लांब असेल तर आवाज उशिराच उघडणार. मी पट्टी लावून मोजलं तेव्हा माझ्या मिक्सरवर हे अंतर जवळपास ४ मिलिमीटर भरलं. आता क्रॅबमध्ये काय होतं बघा. अंगठा फेडरला बंद बाजूला रेटून धरतो, करंगळीपासून तर्जनीपर्यंत एकेक बोट त्याला उघड्या बाजूला टिचकी मारतं आणि प्रत्येक टिचकीनंतर अंगठा त्याला स्प्रिंगसारखा परत आणतो. एका टिचकीत माझा फेडर जेमतेम २-३ मिलिमीटर हलायचा. बहुतेक वेळा आवाज उघडायच्या आतच तो परत बंद बाजूला. आठ महिने मी बंद दारावर टकटक करत होतो.

म्हणून घेण्याआधी हे कराच. रेकॉर्डवर सलग टिकणारा सूर लावा, फेडर पूर्ण बंद टोकाला न्या आणि नखाने केसभर केसभर सरकवा. आवाज आला की थांबा आणि टोकापासूनचं अंतर बघा. एक-दीड मिलिमीटर असेल तर डोळे मिटून पुढे जा. दोनपर्यंत चालेल. तीनच्या वर असेल आणि ते कमी करायची सोय नसेल, तर बाकी मिक्सर कितीही देखणा असो, स्क्रॅचिंगसाठी घेऊ नका. हीच तपासणी दुसऱ्या टोकालाही करा, कारण दोन्ही बाजूंचं अंतर सारखं असेलच असं नाही. फार कमी अंतरही त्रासदायक: फेडर टोकावर आपटून किंचित उसळतो आणि नको तिथे आवाज फुटतो. कट-इन स्वतःला बदलता आलं तर सगळ्यात बरं.

हे मला कुणी सांगितलं? पहिले शिक्षक दर वेळी ‘अजून रियाज कर’ एवढंच म्हणायचे. दुसऱ्या एका जाणत्याने माझ्या मिक्सरवर स्वतःचा हात ठेवला आणि दहा सेकंदांत म्हणाला, ‘अरे, हा उशिरा उघडतोय.’ तेव्हापासून माझं ठाम मत आहे: जो तुमच्या सामानावर स्वतः वाजवून बघत नाही, त्याच्याकडे शिकू नका. आणि पाच मिनिटांत क्रॅब शिकवणारे व्हिडिओ तर बघूच नका.

जुना मिक्सर घेत असाल तर फेडर पूर्ण बंद करा, हेडफोनमध्ये मिक्सरचा मुख्य आउटपुट लावा आणि आवाज वाढवा. बंद चॅनेलमधून बारीक गळती ऐकू आली किंवा सरकवताना खरखर झाली, तर फेडर झिजलाय किंवा आत धूळ बसलीय. साध्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवर संपर्काचा तुकडा घासत असतो, त्यामुळे स्क्रॅचिंगच्या माराने तो झिजणारच. रेन आणि पायोनियर या कंपन्यांच्या स्क्रॅच मिक्सरमध्ये चुंबकीय फेडर मिळतात, त्यात हे घासणंच नसतं. पण घाबरू नका, अनेक जुन्या मिक्सरमध्ये इनोफेडरसारखा संपर्करहित फेडर बदलून बसवता येतो. आपल्या मॉडेलला तो बसतो का, एवढं आधी बघा.

चॅनेल दोनच पुरेत. बॅटल मिक्सर, म्हणजे स्क्रॅचिंगसाठीच बनवलेला मिक्सर, अरुंद असतो, क्रॉसफेडरभोवतीची जागा मोकळी असते आणि टर्नटेबल ९० अंशांत फिरवून टोनआर्म (सुईचा दांडा) पलीकडे नेला की दोन्ही हातांना वाव मिळतो. फेडरची उघड-बंद दिशा उलटी करणारा रिव्हर्स स्विच मात्र हवाच. फेडर उलटा वाजवण्याला हॅम्स्टर म्हणतात. बुलेटप्रूफ स्क्रॅच हॅम्स्टर्स या गटावरून ते नाव पडलं. काहींच्या बोटांना उलटी दिशाच सोपी जाते; तुमची कुठली, हे दोन्हीकडून वाजवल्याशिवाय कळणार नाही.

स्वतःचं संगीत रचायचं असेल तर मिक्सरमध्येच साउंडकार्ड असलेला घ्या, पण तो सेराटोला चालतो की ट्रॅक्टरला (ही दोन्ही डीजेंची सॉफ्टवेअर), हे आधी पक्कं करा. टर्नटेबलची वायर फोनो इनपुटलाच (टर्नटेबलच्या क्षीण सिग्नलसाठी असतं ते) जोडा, ग्राउंडची तार विसरू नका, नाहीतर गुणगुण ऐकत बसाल. टर्नटेबलला सिग्नल वाढवणारा स्वतःचा प्रीअँप असेल आणि तो चालू असेल, तर लाइन इनपुट.

आणि आत्ता मिक्सर घ्यायला जमत नसेल तरी थांबू नका. सगळ्यात सोप्या बेबी स्क्रॅचला फेडर लागतच नाही, फक्त रेकॉर्डवरचा हात लागतो. स्क्रॅचचं श्रेय ज्याला दिलं जातं त्या ग्रँड विझार्ड थिओडोरने १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सुरुवात केली तीही हाताखालची रेकॉर्ड मागेपुढे करूनच. माझ्या वाया गेलेल्या आठ महिन्यांतला रेकॉर्डवरचा हात पुढे पुरेपूर कामी आला.

फेडर बदलला त्या संध्याकाळी पहिल्यांदा चारही ठोके स्पीकरमधून आले. अनामिकेचा अजून दबका येतो. सध्या रोज पंधरा मिनिटं करंगळी सोडून तीन बोटांचाच क्रॅब करतोय, मेट्रोनोम मिनिटाला ७० ठोक्यांवर ठेवून.