वेबकॅम ड्रायव्हरला फ्रेम रेट निवडायला शिकवणे

लिनक्समधला ‘प्लेस्टेशन ३ आय’ या कॅमेऱ्याचा ओव्ही५३४ ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम) समोर उघडून ठेवा. मी तरी तोच बघून शिकलो. ६४० बाय ४८० पिक्सेलच्या चित्राला त्यात सेकंदाला ६०, ५०, ४०, ३० आणि १५ फ्रेम असे पाच दर आहेत, आणि प्रत्येकासमोर रजिस्टरच्या (चिपमधल्या सेटिंगच्या जागांच्या) किमती. तुमच्या सेन्सरसाठी असाच तक्ता आधी करा. बाकीचं काम किरकोळ.

जीस्पीकामध्ये (लिनक्समधल्या यूएसबी वेबकॅम ड्रायव्हरांचा सामायिक पाया) हे दर कॅमेऱ्याच्या मोड-फ्रेमरेट्स यादीत भरले की अ‍ॅपला ते दिसतात. मग दर सांगणारं गेट-स्ट्रीमपार्म आणि दर लावणारं सेट-स्ट्रीमपार्म ही दोन फंक्शनं लिहा.

खरी मेख इथे आहे. अ‍ॅप दर पाठवत नाही, एका फ्रेमचा वेळ पाठवतं: १/३० सेकंद. अंश किंवा छेद शून्य आला तर आधीच ठरवलेला (डिफॉल्ट) दर लावा, नाहीतर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शून्याने भागाकार! कुणी १००१/३०००० सेकंद मागितलं तर ३०००० भागिले १००१ या पूर्णांक भागाकारात दर २९ येतो, आणि ‘त्याहून कमी’ शोधणारा तक्ता थेट १५ देतो. म्हणून सर्वात जवळचा दर निवडा. जो लागला तोच अ‍ॅपला परत कळवा. मागितलेला परत पाठवणं म्हणजे शुद्ध थाप.

तपासायला व्ही४एल२-सीटीएल या कमांडचा सेट-पार्म पर्याय पुरतो.