डिश काढून ओटीटीवर जाताय? या चुका टाळा

नात्यात किंवा सोसायटीत कोणी डिश बंद करायला निघालं की फोन मला येतो. हे सुरू झालं २०१९ मध्ये. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे नियम लागू झाले आणि प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी दिसायला लागली. पहिल्या शंभर चॅनेलसाठी तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा निव्वळ जोडणीचा खर्च, आणि पैशांच्या चॅनेलचे त्यावर निराळे. "एवढे देऊन आम्ही बघतो किती, तर तीन चॅनेल," असं म्हणत अनेकांनी ओटीटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या ॲपमधून बघायचा, रस्ता धरला. रस्ता बरोबर आहे. मीही तोच धरला आणि मला कधी पस्तावा झाला नाही. पण इतक्या वर्षांत लोक ज्या चुका करतात त्या तशाच्या तशा राहिल्यात. त्यांतल्या दोन माझ्या मनाला फार लागतात, त्यांच्यावर सविस्तर लिहिते. बाकीच्या पटापट सांगते.

घरात काय बघितलं जातं हे न बघता छत्री उतरवणं

मिरजेला माझी मावशी आणि काका दोघंच राहतात. मुलगा जर्मनीत. गेल्या दिवाळीला तो आला, ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणला, तीन सबस्क्रिप्शनं घेतली, गच्चीवरची छत्री भंगारात दिली आणि भाऊबीज आटोपून परत गेला. त्याचा हेतू चांगलाच होता. आईबाबांना सगळं उत्तम मिळावं एवढंच त्याच्या मनात होतं.

मावशीचं टीव्ही बघणं घड्याळावर चालतं. सातला देवापाशी दिवा, साडेसातला मालिका, जाहिरात लागली की कुकर. चॅनेलचे नंबर तिच्या बोटांत होते, चष्मा न लावता ती बरोबर आकडे दाबायची. आता टीव्ही लावला की आधी "कोण बघतंय?" असं विचारत चार चेहरे यायचे, मग चित्रांच्या रांगाच रांगा. तिची मालिका यांतल्या कुठल्या ॲपमध्ये आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. चुकून सापडली तरी दोन महिन्यांपूर्वीचा भाग लागायचा. काकांना सकाळच्या बातम्या लागतात, त्या कुठे आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता.

दोन-अडीच आठवड्यांनी त्यांतलं एक ॲप लॉगआउट झालं. खातं मावसभावाच्या भारतातल्या नंबरवर काढलेलं होतं आणि त्या सिमचं रिचार्ज तिकडे संपून गेलेलं. ओटीपी जाणार कुठे? मावशी अकरा दिवस रोज संध्याकाळी टीव्ही लावायची, मोबाईल नंबर मागणारी ती पाटी बघायची आणि बंद करायची. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं तिला वाटत होतं, म्हणून तिनं मुलाला सांगितलंही नाही. मी हळदीकुंकवाच्या कसल्याशा निरोपासाठी फोन केला तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "अगं, टीव्ही मोडलाय माझ्याकडून. त्याला एवढ्यात कळवू नकोस, एवढे पैसे घातलेत त्यानं." मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी मिरजेला गेले. पहिले दोन दिवस टीव्हीला हात लावला नाही, वही घेऊन बसले. कोण, किती वाजता, काय बघतं, एवढंच लिहिलं. चार मालिका, सकाळच्या बातम्या, गुरुवारची भजनं आणि काकांचं क्रिकेट. संपली यादी. मग ही यादी ॲपशी जुळवली. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. मावशीच्या घराला यांतली दोनच लागत होती. तिसरं सबस्क्रिप्शन, ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसे गेले होते, ते दोघांपैकी कोणी एकदाही उघडलं नव्हतं. ते बंद केलं.

खाती मावशीच्या स्वतःच्या नंबरवर घेतली. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही: ज्या घरात टीव्ही, त्याच घरातला मोबाईल नंबर. कारण साधं आहे. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे आपण या पिढीला मोठ्या मुश्किलीनं शिकवलंय. आता खातं पुण्याच्या किंवा परदेशातल्या मुलाच्या नंबरवर ठेवून दर दोन महिन्यांनी फोनवर "मी ओटीपी सांगतो, तू टाक" असं चालवलं, तर ती चांगली सवय आपणच मोडतो. उद्या तसाच फोन भलत्याचा आला तर?

बातम्यांसाठी यूट्यूब पुरतं, मराठी वृत्तवाहिन्या तिथे थेट आणि फुकट दिसतात. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप घातलं, हे २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. आणि शेवटी गच्चीवर पुन्हा एक छत्री बसवली, डीडी फ्री डिशची. छत्री आणि बॉक्सचे एकदाच पैसे, महिन्याचं भाडं नाही. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे आणि नेट गेलं की तिच्यासारखा आधार नाही. त्या रिमोटवर आकडे दाबता येतात, हे बघून मावशीचा चेहरा खुलला.

तेव्हा ज्यांना विचारायचं असेल त्यांना माझं उत्तर एकच: जुनी जोडणी निदान एक महिना चालू ठेवा. दोन्हींचे पैसे जातील, जाऊ द्या. शनिवारी सेलमध्ये टीव्ही घेऊन रविवारी डिश काढणाऱ्यांचे फोन मला पुढच्या रविवारी येतातच. महिनाभरात वहीत नोंद करा. घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस मदतीशिवाय आपला कार्यक्रम लावू शकतंय असं सलग आठ दिवस दिसलं, की मग बंद करा.

केबल असेल तर आणखी एक बघा. आपल्या गावातला स्थानिक केबल चॅनेल, ज्याच्यावर गणपतीच्या मिरवणुकी, गावच्या बातम्या, पाणी कधी येणार याच्या सूचना असतात, तो ओटीटीवर बहुधा मिळत नाही. काही घरांत टीव्ही त्याच्यासाठीच लागतो.

भाड्याच्या चित्रपटाचं घड्याळ न ओळखणं

सबस्क्रिप्शन घेतलं म्हणजे सगळे चित्रपट आले, ही समजूत काढून टाका. काही चित्रपट वेगळे पैसे भरून भाड्यानं घ्यावे लागतात. प्राइम व्हिडिओनं भारतात ही सोय एप्रिल २०२२ मध्ये सुरू केली, यूट्यूबवरही आहे. नियम साधारण असा: पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा.

माझ्या वयाच्या लोकांना हे नवं वाटायला नको. व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणायचो तेव्हा ती परत द्यायची वेळ अख्ख्या घराला पाठ असायची. आईची कामं आटोपल्याशिवाय कॅसेट व्हीसीआरमध्ये जायचीच नाही, कारण एकदा लावली की सगळ्यांनी एकत्र, पूर्ण बघायची. ती शिस्त आता गेली आहे.

माझ्या नणंदेकडे शुक्रवारी रात्री नऊला एक चित्रपट भाड्यानं घेतला. पोरांनी लगेच सुरू केला, चाळीस मिनिटांत सगळे पेंगायला लागले. "रविवारी आजी-आजोबा येतील, तेव्हा सगळे मिळून बघू," असं ठरलं. रविवारी जेवणं झाली, भांडी आवरली, आजोबांना खुर्ची मांडून दिली, साडेनऊला लावायला गेले तर स्क्रीनवर पुन्हा पैसे मागणारं बटण. तेवढ्या रात्रीच मला फोन. मी काय करणार? मुदत नऊला संपली होती.

माझी सवय अशी. पैसे भरायच्या आधी तेच नाव बाकीच्या ॲपमध्ये शोधते, कारण बरेचदा तो चित्रपट आपण आधीच पैसे भरलेल्या ठिकाणी असतो. भाषा तपासते, नुसतं पोस्टर मराठी असून भागत नाही. ट्रेलर त्याच टीव्हीवर लावून आवाज आणि चित्र बघते. आणि सुरू करायचं बटण सगळे बसल्याशिवाय कोणाला दाबू देत नाही. "भाडं" आणि "खरेदी" ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात, किंमत वाचा. घाई नसेल तर थांबा. आज भाड्यानं असलेला चित्रपट काही आठवड्यांनी सबस्क्रिप्शनमध्ये येतो, असं पुष्कळदा झालंय.

पैशांचं

सगळी वार्षिक पॅक एकदम घेऊ नका. क्रिकेटचा हंगाम असेल तेव्हा त्याचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं, असं आलटून पालटून महिन्याचं घ्या. वर्षाचं फक्त तेच, जे रोज उघडलं जातं.

मोबाईलचा स्वस्त प्लॅन घेऊन तो टीव्हीवर चालेल असं धरू नका. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले तेव्हा मोबाईल प्लॅन १४९ चा झाला, पण तो फोन आणि टॅबलेटपुरताच. १९९ चा टीव्हीवर चालतो, फुल एचडी ४९९ पासून. घ्यायच्या आधी दोन ओळी वाचल्या तर कळतं, पण लोक आकडा बघतात आणि पैसे भरून मोकळे होतात.

ब्रॉडबँडच्या किंवा मोबाईलच्या रिचार्जमध्ये एखादं ॲप आधीच मिळालेलं असतं आणि त्याचेच पैसे आपण वेगळे भरत असतो. आपला प्लॅन उघडून बघा.

ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, कुठे कुठे लावलंय ते महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमध्ये तपासा. रिझर्व्ह बँकेचे १ ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम आहेत, पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यायलाच हवी. ती येते. आपण ती न वाचता पुसतो.

चित्र अडकतं, गोल गोल फिरतं

लोक लगेच मोठ्या स्पीडचा प्लॅन घेतात. नेटफ्लिक्सच्याच म्हणण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४केला १५ एमबीपीएस पुरतात. चाळीस-पन्नास एमबीपीएसच्या प्लॅनवर चित्र अडकत असेल तर आधी राउटर कुठे आहे ते बघा. मला तो चपलांच्या कपाटात सापडलाय, गॅलरीत सापडलाय, एकदा तर फ्रिजमागे. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर सरळ लॅनची वायर जोडा, विषय संपला. नसतील तर वायफायचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरा, मात्र मध्ये जाड भिंती असतील तर २.४ चं जास्त लांब पोचतं.

ॲप चालवायला टीव्हीला लावायची स्टिक तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालवा, टीव्हीच्या यूएसबीवर नको, मध्येच बंद पडते.

राउटरला छोटा यूपीएस घ्या. टीव्ही इन्व्हर्टरवर असून राउटर नसेल तर वीज गेल्यावर काय बघणार?

आणि स्वस्तातला बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स किंवा प्रोजेक्टर घेताना विचारा की त्याला वाइडव्हाइन एल-१, म्हणजे ॲपना एचडी चित्र दाखवायला लागणारी सुरक्षेची सोय, आहे का. नसेल तर एचडीचे पैसे भरूनही चित्र धूसरच दिसणार. दुकानदाराला माहीत नसेल तर तिथून घेऊ नका.

शॉर्टकट

"सगळे ओटीटी वर्षभर पाचशेत" असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. ती दुसऱ्याच्या खात्याची तुकड्यांत केलेली विक्री असते, दोन महिन्यांत बंद पडते आणि तो माणूस फोन उचलत नाही. नेटफ्लिक्सनं तर जुलै २०२३ पासून भारतातही घराबाहेर पासवर्ड वाटणं थांबवलंय. टेलिग्रामवरून चित्रपट उतरवणाऱ्यांशी मी याबाबत बोलतच नाही. मराठी निर्माता वर्षभर राबून एक चित्रपट काढतो, त्याचे शंभर-दीडशे रुपये वाचवून आपण काय मिळवतो?

जुनी जोडणी बंद करताना

सेट टॉप बॉक्स विकत घेतलेला होता की भाड्याचा, ते जुन्या पावतीवर बघा. भाड्याचा असेल तर परत देताना पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. अनामत दिली असेल तर ती त्याच दिवशी मागा, नंतर कोणी ओळख दाखवत नाही.

ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधू नका. वरती दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. बॉक्सवर, बिलावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो तोच घ्या. टीव्हीवर ॲप सुरू करायचा कोड दिसला आणि ते सुरू करून द्यायचे कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूक आहे. त्या कोडला एक पैसाही पडत नाही.

आणि छत्री उतरवली की गच्चीच्या कठड्यात बोल्टची चार भोकं उरतात. ती मे संपायच्या आत सिमेंटनं बुजवून घ्या, वायर आत आली होती ते खिडकीजवळचं भोकही. आमच्या सोसायटीत दोन घरांत तिथूनच पाणी उतरलं.