मॅक्सने वेळ मिळते, ओळ नाही

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. काम सोपं वाटलं: ऑर्डरच्या हालचालींचं एक टेबल आहे, त्यातून प्रत्येक ऑर्डरची सध्याची स्थिती काढायची. एसक्यूएल क्वेरीत ऑर्डर क्रमांकावर ग्रुप बाय लावला (एका ऑर्डरच्या सगळ्या ओळींचा एक गट), सिलेक्टमध्ये स्थिती आणि मॅक्स वेळ घेतली, रिपोर्ट पाठवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सीनियरने फक्त १०१ नंबरची ऑर्डर उघडली. टेबलात तिच्या तीन ओळी: १०:०५ नोंदली, ११:४० रवाना, १५:२० पोचली. माझ्या रिपोर्टात होतं: १५:२०, नोंदली. वेळ शेवटच्या ओळीतली, स्थिती पहिल्या ओळीतली. अशी ओळ टेबलात कुठे नव्हतीच!

मॅक्स त्या एका कॉलममधली सगळ्यात मोठी किंमत काढतो. शेजारच्या कॉलमशी त्याला काही देणंघेणं नाही. आमचं मायएसक्यूएल (डेटाबेस) जुनं होतं, ते अशा वेळी गटातली कुठलीही स्थिती उचलून गुपचूप हातात ठेवायचं. व्हर्जन ५.७.५ पासून डिफॉल्ट सेटिंगमध्ये अशी क्वेरी एरर देते. तो एरर आला की पुष्कळ नवखे तो देणारा 'ओन्ली फुल ग्रुप बाय' मोडच बंद करून टाकतात. तेवढं करू नका, तो तुमच्या बाजूने बोलतोय.

सीनियरने सुचवलं, मॅक्स वेळ सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) काढ आणि क्रमांक व वेळ दोन्हींवर मूळ टेबलशी जॉइन कर. चाललं. मग एका ऑर्डरच्या दोन ओळी नेमक्या एकाच सेकंदाला पडल्या, ती ऑर्डर दोनदा आली आणि बेरीज फुगली.

आता मी रो नंबर वापरतो, तो प्रत्येक गटातल्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक देतो. पार्टिशन बाय ऑर्डर क्रमांक, ऑर्डर बाय वेळ उतरती, आणि बरोबरी सोडवायला पुढे आयडीही उतरता. रो नंबरसारखं विंडो फंक्शन थेट व्हेअरच्या अटीत चालत नाही, म्हणून हे सगळं सीटीईत (वर नाव देऊन लिहिलेल्या तात्पुरत्या क्वेरीत) आणि बाहेर रो नंबर बरोबर १. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० पासून आली. पोस्टग्रेसवाल्यांना डिस्टिंक्ट ऑन (प्रत्येक गटाची पहिलीच ओळ ठेवणारं) आणखी सुटसुटीत पडतं. पण तिथे उतरत्या क्रमात नल सगळ्यात वर येतं, म्हणजे वेळ न भरलेली ओळच 'शेवटची' ठरते. नल्स लास्ट लिहायला विसरू नका. टेबल मोठं असेल तर क्रमांक आणि वेळ असा जोड इंडेक्स लावून बघा.

हल्ली ज्युनियरांच्या क्वेरी तपासताना मी आधी फिल्टर कुठे आहे ते बघतो. 'अजून रवानावरच अडकलेल्या ऑर्डर' हव्या असतील, तर स्थितीची अट बाहेर, रो नंबरच्या शेजारी हवी. ती आत टाकली की पोचल्याची ओळ आधीच गळते, ११:४० ची ओळ पहिली ठरते, आणि केव्हाच पोचलेली १०१ अडकलेल्यांच्या यादीत येऊन बसते.