रोपाला काठीशी जखडू नका : झाड वाकतं ते कशामुळे

धुऱ्यावरच्या कडुनिंबाला मी तीन जागी सुतळीने बांबूला आवळून ठेवलं होतं. दोन वर्षांत ते माझ्या डोक्यावर गेलं. मे महिन्यात बांबू काढला आणि पुढच्याच वावधनात झाड जमिनीला टेकलं. मोडलं नाही, लुळं पडलं. खोड बोटाएवढं, वर नुसता शेंडा.

चूक बांधण्यातच होती. वाऱ्याने खोड वाकलं की सालीखालचा वाढता थर ताण पडेल तिथे जास्त लाकूड घालतो, आणि सगळ्यात जास्त ताण बुडाशी असतो. म्हणूनच मोकळ्या वावरातली बाभूळ बुटकी आणि बुडाशी भक्कम, तर दाटीतला साग सरळसोट नि बारीक. खोडाची जाडी दुप्पट झाली की वाकण्याला तोंड देण्याची ताकद आठपट होते. मी त्याला हलूच दिलं नाही, मग जाडी येणार कुठून? ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या काचेच्या बंद इमारतीत १९९१ साली माणसं राहायला गेली. आत वारा नव्हता. तिथली झाडंही अशीच कमजोर वाढली.

काठी लागणारच असेल तर बांध खालच्या एक तृतीयांश उंचीवर, एकच, सायकलच्या जुन्या ट्यूबचा, सैल. एक पावसाळा झाला की सोडा.

दुसरी घाई खालच्या फांद्या छाटायची. आपल्याकडे ‘झाड वर जाईल’ म्हणून बकरीच्या आधी आपणच त्या साफ करतो. पण बुडाला जाडी येते ती त्याच पानांच्या अन्नावर. आणि फांदी खोडाबरोबर वर सरकत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर फुटलेली तिथेच राहते. तेव्हा खोड भरल्यावर छाटा, तोवर फार तर त्या फांद्यांचे शेंडे खुडा.

दोन शेंडे चिकटून उभे वाढत असतील तर एक लहानपणीच काढा. त्यांच्या बेचक्यात साल दबते, लाकूड जुळत नाही, आणि वादळात झाड तिथूनच फाटतं. पिशवीत गोल फिरलेल्या मुळ्या लावताना कापून मोकळ्या करा, हे सांगायला नकोच.

जुनं झाड कलतं वाढलं असेल तर दोर लावून ओढू नका. आंबा, कडुनिंबासारखी झाडं कलाच्या वरच्या बाजूला ओढ देणारं लाकूड घालून तोल सांभाळतात. वादळानंतर नव्याने कललं आणि बुडाची माती उचलली गेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी : लहान झाड माती ओली असतानाच उभं करा, मोठ्याखालून आधी बैल सोडा.

माझा कडुनिंब? अर्ध्यावर छाटला. यंदा बुडाशी मनगटाएवढा झालाय.