लेझर ठिपक्याने दृष्टिक्षेत्र तपासताना या चुका टाळा

काळ्या, चकाकी नसलेल्या पडद्यावर लेझर पॉइंटरचा ठिपका फिरवून दृष्टिक्षेत्रातील, म्हणजे नजर एका जागी स्थिर ठेवून जेवढे दिसते त्या क्षेत्रातील, उणिवा नकाशावर नोंदवता येतात. मात्र नकाशात उमटलेला दोष प्रत्येक वेळी डोळ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो तपासणीच्या पद्धतीतून आलेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अंधबिंदू (प्रत्येक निरोगी डोळ्याच्या क्षेत्रातही असणारी, न दिसणारी छोटी जागा) न शोधताच पुढची तपासणी सुरू करणे. एक डोळा नीट झाकून, रुग्णाला 1 मीटरवर बसवून मध्यखुणेवर नजर स्थिर ठेवायला सांगितले, तर उघड्या डोळ्याचा अंधबिंदू मध्यापासून कानाच्या बाजूला सुमारे 15 अंशांवर, म्हणजे पडद्यावर साधारण 27 सेंटिमीटरवर आणि आडव्या रेषेच्या किंचित खाली सापडला पाहिजे. तो तिथे सापडत नसेल, तर नजर हलते आहे, अंतर चुकले आहे किंवा सूचना रुग्णाला समजलेली नाही, असे मानून आधी ते दुरुस्त करावे.

ठिपका दिसणाऱ्या भागातून न दिसणाऱ्या भागाकडे नेल्यास दोषाची कड चुकीच्या जागी नोंदली जाते. तो न दिसणाऱ्या भागातून दिसणाऱ्या भागाकडे, संथ आणि एकसारख्या वेगाने आणावा. घाईने फिरवल्यास रुग्णाच्या उत्तराला लागणारा वेळच दोष म्हणून नकाशात जमा होतो. चष्म्याची जाड कड आणि खाली आलेली वरची पापणी यांमुळेही कडेला खोटे दोष दिसतात.

क्षेत्र सर्व बाजूंनी आक्रसलेले आढळल्यास 2 मीटरवरून पुन्हा तपासतात, कारण खऱ्या दोषात पडद्यावरील क्षेत्राची रुंदी अंतराबरोबर दुप्पट व्हायला हवी. येथे एक सापळा आहे, आणि तो गंभीर आहे. रुग्ण मागे सरकला तरी पडद्यावरील ठिपका तेवढाच राहतो, त्यामुळे त्याचा दृश्यकोन (डोळ्याला जाणवणारा आकार) निम्मा होतो आणि खरोखर आजारी असलेल्या माणसाचे क्षेत्रही अपेक्षेइतके रुंदावत नाही. अशा वेळी ठिपक्याचा व्यास दुप्पट न करता रुग्ण बनाव करतो आहे असा निष्कर्ष काढणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

लाल ठिपका अंधुक वाटत असेल तर सेल तपासावेत, पण लाल रंगाच्या वर्णदोषाची शक्यताही ध्यानात घ्यावी. ठिपका ठळक व्हावा म्हणून अधिक शक्तीचा लेझर घेऊ नये. 1 मिलिवॅटपर्यंतचा, लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत दुसऱ्या वर्गातील पॉइंटर पुरतो. किरण थेट डोळ्याकडे कधीही वळवू नये आणि चकचकीत पृष्ठभागावरही टाकू नये. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून, गाळणी नसल्यास, न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात, म्हणून ते टाळलेलेच बरे.

सापडलेला दोष स्वयंचलित पेरिमेट्रीने, म्हणजे यंत्राद्वारे होणाऱ्या दृष्टिक्षेत्र तपासणीने, पडताळून घ्यावा. मात्र दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचा, उभ्या मध्यरेषेवर नेमका थांबणारा दोष मेंदूतील दृष्टिमार्गाकडे बोट दाखवतो, आणि तो अचानक उद्भवला असेल तर पडताळणीसाठी न थांबता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.