बॅकअपचे लॉग: जॉब सुरू करायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

बॅकअप सॉफ्टवेअरच्या लॉगची, म्हणजे काय काय झालं ते लिहून ठेवणाऱ्या नोंदीची, तयारी पहिला जॉब (बॅकअपचं काम) लावायच्या आधी करा, गडबड झाल्यावर नाही. मागे एकदा रिस्टोअर करताना एक फोल्डर रिकामा निघाला, आणि तो कधीपासून वगळला जात होता हे सांगणारा लॉग केव्हाच पुसला गेला होता, म्हणून हे लिहून ठेवतोय.

लॉग फाइल कुठे आहे, ती वाचायची परवानगी आहे का, हे सांगायला नको.

सगळ्यात आधी लॉग किती दिवस टिकतो ते बघा. बऱ्याच लिनक्सवर लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइली बाजूला काढून पुसणारा प्रोग्राम) आठवड्याला फाइल बदलतो आणि जुन्या फक्त ४ ठेवतो, म्हणजे जेमतेम महिना. बॅकअप ९० दिवसांचे आणि लॉग २८ दिवसांचे, तर आधीच्या ६२ दिवसांत काय झालं ते कोणाला विचारणार? सगळ्यात जुना बॅकअप जितका जुना, त्याहून जुना लॉग हातात हवा. नुसता मजकूर असतो, जीझिपने दाबला की खूप लहान होतो, त्यामुळे जागा नाही हे कारण चालणार नाही. जर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या सिस्टमडीने स्वतः ठेवलेल्या लॉगच्या, भरवशावर असाल तर अजून एक बघा, बऱ्याच ठिकाणी व्हार-लॉग (/var/log) मधे जर्नल नावाचा फोल्डर नसला की सिस्टमडी लॉग मेमरीतच ठेवतो, मशीन रीस्टार्ट झालं की सगळं गेलं, आणि बॅकअप अडकला की लोक पहिलं काम तेच करतात. जर्नलच्या सेटिंगमधे स्टोरेज पर्सिस्टंट (डिस्कवर कायम राहणारं) करा, मग मुद्दाम एकदा रीस्टार्ट करून जुन्या ओळी दिसतात का ते डोळ्याने बघा.

लॉग बॅकअपच्याच डिस्कवर नको. डिस्क भरली की जॉब मरतो आणि का मेला हे लिहायलाही जागा उरत नाही. सिसलॉगने (लॉग नेटवर्कवरून पाठवायची सोय) दुसऱ्या मशीनवर पाठवा, रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) इकडचं सगळं खाल्लं तरी तिकडचा लॉग वाचण्याची शक्यता राहते. पण तिकडे किती दिवस ठेवतात तेही बघा, तिथलं रोटेशन (लॉग बदलायचं आणि पुसायचं वेळापत्रक) वेगळं असतं, इथलं नीट केलं म्हणून तिथलं नीट होत नाही.

सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची सोय) ठेवा, आणि सगळीकडे एकच टाइमझोन. सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) आणि स्टोरेज लोकल टाइममधे असलं की दोन लॉग शेजारी ठेवून काहीच जुळत नाही.

लॉगवर नजर ठेवायची तर ग्रेपने (फाइलीत शब्द शोधणारी कमांड) नुसता ‘एरर’ शब्द शोधू नका. ‘० एरर’ लिहिलेली चांगली ओळही त्यात येते आणि ‘परमिशन डिनाइड’वाली खरी वाईट ओळ सुटते. एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, बघा; ० म्हणजे ठीक. आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) २४ देतो तेव्हा काही फाइली कॉपी होता होता मूळ जागेवरून गायब झालेल्या असतात, चालू सर्व्हरवर हे बऱ्याचदा चालून जातं, पण २३ म्हणजे काही फाइली खरंच गेल्या नाहीत, तो सोडायचा नाही. रेस्टिक (बॅकअपचा प्रोग्राम) ३ देतो तेव्हा स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळचा बॅकअप, बनलेला असतो पण अर्धवट, यादीत नाव दिसतं म्हणून माणूस निर्धास्त राहतो. स्क्रिप्टमधे आउटपुट टी कमांडला (स्क्रीनवर दाखवता दाखवता फाइलीतही लिहिणारी) पाइप केलं असेल, म्हणजे तिच्याकडे वळवलं असेल, तर कोड टीचा मिळतो, म्हणजे बहुतेक वेळा ०, बॅश स्क्रिप्टमधे पाइपफेल सेटिंग लावाच, मग आधीची कमांड फेल झालेली कळते. शिवाय शेवटच्या सारांशात फाइली आणि बाइट किती ते रोज कालच्याशी ताडून बघा. कोड ० आणि फाइली एका रात्रीत निम्म्या, याचा अर्थ बऱ्याचदा डिस्क माउंटच (फोल्डरला जोडलेली) नसते, रिकाम्या फोल्डरचा बॅकअप व्यवस्थित पूर्ण झालेला असतो.

आणि लॉगच आला नाही तर? क्रॉन (ठरलेल्या वेळी जॉब सुरू करणारा प्रोग्राम) बंद पडला तर एरर लिहिणारंच कोणी नसतं. रोजचा जॉब असेल तर २६ तासांत ‘पूर्ण’ची ओळ आली नाही की मेल यायला हवा, आणि तो मेल दुसऱ्या मशीनवरून.

बिघाड शोधताना शेवटची नाही, पहिली एरर शोधा, खालच्या शंभर ओळी तिच्याच पोटातून आलेल्या असतात. डीबग (बारीकसारीक सगळं लिहिणारा लॉग) लावायच्या आधी जुने लॉग बाजूला कॉपी करा, हे परत परत सांगतोय कारण डीबगने फाइल भराभर फुगते आणि साइजवर रोटेशन असेल तर हवा असलेला जुना लॉग तासाभरात उडतो. आधी कॉपी, मग डीबग. जागा असूनही ‘जागा नाही’ येत असेल तर आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद, ती मोजकीच असू शकते) संपलेत का बघा. लॉक (दोन जॉब एकाच वेळी चालू नयेत म्हणून लावलेली खूण) अडकलेला दिसला तर जुनी प्रोसेस खरंच मेली आहे याची खात्री करूनच काढा. विंडोजवर व्हीएसएस रायटर्सची (चालू प्रोग्रामच्या फाइली बॅकअपसाठी तयार करणारे भाग) स्थिती बघा.

बाकी पटापट: लॉग कोणाला पाठवायच्या आधी त्यात पासवर्ड किंवा टोकन नाही ना ते बघा, रिस्टोअर टेस्टचाही लॉग ठेवा आणि तोही तितकेच दिवस, टेलला (लॉगच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) मोठा एफ (-F) लावा म्हणजे रोटेट झाल्यावरही नवी फाइल दिसते. सॉफ्टवेअर अपडेट झालं की ओळींचा नमुना बदलू शकतो, त्या दिवशी मुद्दाम एक जॉब फेल करून अलर्ट येतो का बघा.